आठवडाभराची बेगमी, बेताच्या पैशांत

पावसाळा तोंडावर आला की साठवणीची पत्रं वाढतात. यंदा धान्यापेक्षा पाण्याबद्दल जास्त विचारणा आली. पुण्याच्या गेल्या काही वर्षांकडे पाहिलं तर ते बरोबरच आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. जिथे मापं आहेत तिथे चार माणसांचं घर धरलं आहे, दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं. तुमच्या घरात माणसं कमी-जास्त असतील तर त्या हिशोबाने मापं बदला.

प्रश्न: आम्ही धायरीत भाड्याने राहतो. चौघांचं कुटुंब आहे. पगार सात तारखेला होतो आणि महिनाअखेरीला हात आखडतोच. ‘अडीअडचणीचं सामान घरात असू द्या’ असं सगळे सांगतात, पण महिन्याला चार-पाचशेच्या वर काढता येणार नाहीत. काय घ्यावं आणि किती?
– गृहिणी, धायरी

अडीअडचणीचं म्हणून वेगळं सामान आणूच नका. वेगळा ठेवलेला डबा माळ्यावर जातो, विसरला जातो आणि गरज पडते तेव्हा त्यातलं पीठ कडू झालेलं असतं. घरात रोज जे शिजतं तेच थोडं जास्त आणायचं. नवीन आणलेलं मागे लावायचं, जुनं पुढे ओढून वापरायचं. डब्याला चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवा.

सुरुवात खरेदीने करू नका, मोजणीने करा. येत्या २५ तारखेला सगळे डबे उघडून बघा. त्या दिवशी घरात जे असेल तीच तुमची खरी शिल्लक, कारण दहा तारखेला सगळ्यांचेच डबे भरलेले असतात. दुकानाचं तोंड न बघता सात दिवस काढायचे असतील तर चौघांना एवढं लागतं: तांदूळ ४ किलो, कणीक ३ किलो, पोहे १ किलो, रवा १ किलो, डाळी २ किलो, तेल १ लिटर, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो. मीठ, तिखट, हळद, चहा वेगळं. यातून माणशी रोज सुमारे २००० कॅलरी मिळतात. चैन होणार नाही, पण कोणी उपाशी झोपणार नाही.

डबे अगदी रिकामे आहेत असं धरलं तरी ही यादी तीन महिन्यांत पुरी होते. पहिल्या महिन्यात तांदूळ, एक किलो मूगडाळ, गूळ आणि मीठ. एवढ्यावर खिचडी होते, म्हणून हे आधी. दुसऱ्या महिन्यात पोहे, रवा, गहू, तेल आणि अर्धा किलो शेंगदाणे. तिसऱ्या महिन्यात उरलेली डाळ आणि शेंगदाणे, शिवाय टॉर्चचे सेल, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं. डाळीत निम्मी तरी मूगडाळ असू द्या. ती लवकर शिजते, गॅस कमी लागतो आणि आजारी माणसालाही सोसते. तूरडाळीचं तसं नाही. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून तांदळाचा कट्टा आणून वाटून घेतला तर किलोमागे चार पैसे वाचतात. मात्र कट्टा त्याच दिवशी वाटून टाका. एका घरात पडून राहिला तर कीडही चौघांच्या वाट्याला येते.

यादीतलं थोडं सामान चूल न पेटवता खाता येईल असं हवं. फुटाणे, चुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, सातूचं पीठ, मेतकूट. पातळ पोह्यांना पाण्याचा हबका मारून त्यात मेतकूट, तिखट, मीठ आणि चमचाभर कच्चं तेल घातलं की पाच मिनिटांत पोटभर खाणं तयार होतं. बिस्किटं आणि नूडल्सच्या पाकिटांवर पैसे घालवू नका. त्याच पैशात पोहे आणि फुटाणे कितीतरी जास्त येतात. फरसाण आणि वेफर्स तर पाणी तुटवड्याचं असताना नकोतच, कारण खारट खाल्लं की तहान वाढते.

दोन गोष्टी यादीबाहेरच्या. घरात कोणाला रक्तदाबाची, साखरेची किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर सात दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक हव्यात. नवीन पत्ता आणायचा तो जुन्यात सात उरलेल्या असतानाच. दुसरी गोष्ट रोख रक्कम. वीज आणि मोबाईलचं नेटवर्क गेलं की ऑनलाइन पैसे देता येत नाहीत आणि भाजीवाल्याकडे पाचशेचे सुट्टे नसतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून पाचशे रुपये एका पाकिटात घालून बाजूला ठेवा.

प्रश्न: दर उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरते. ऊन देते, कडुनिंबाचा पाला घालते, तरी गौरी-गणपतीच्या सुमाराला सोंडे लागतातच. शेजारच्या काकू पाऱ्याच्या गोळ्या घाल म्हणतात, दुकानदाराने दुसऱ्याच एका गोळ्या दिल्यात. कोणतं ऐकू?
– एक वाचक, कर्वेनगर

आधी दुकानदाराच्या गोळ्यांचं बघा, उद्यावर टाकू नका. त्या अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या असतील तर घरात एक क्षणही ठेवू नका. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. गोदामात प्रशिक्षित माणसं ताडपत्रीखाली वापरतात ती ही गोळी. बंद खोलीत गव्हाच्या कोठीत टाकली तर शेजारी झोपलेल्या माणसांचा जीव जातो आणि या विषावर उतारा नाही. पाकीट उघडलेलं नसेल तर कचऱ्यात किंवा मोरीत न टाकता तसंच दुकानदाराला परत करा. गोळी कोठीत आधीच टाकली असेल तर ती शोधायला हात घालू नका. दारं-खिडक्या सताड उघडून सगळ्यांनी बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. नंतर ते धान्यही खाऊ नका.

पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पारा धान्यात उतरतो, हवेतही जातो आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतो. बोरिक पावडर तांदळाला लावण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तांदूळ निदान तीन-चार पाण्यांनी धुतला जातो. गहू मात्र न धुता गिरणीत जातो, म्हणजे लावलेली सगळी पावडर पोळीतून पोटात जाते. गव्हाला बोरिक कधीच लावू नका आणि तांदळालाही टाळलेलं बरं.

आता सोंडे का होतात ते बघू. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा स्वच्छ दिसतो. अंड्यापासून किडा बाहेर पडायला पुण्याच्या हवेत साधारण महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे गौरी-गणपतीत दिसणारे सोंडे कोठीतली दुसरी-तिसरी पिढी असते. मूळ बी मे महिन्यातच गव्हाबरोबर आलं होतं किंवा कोठीच्या सांध्यात आधीपासून बसलं होतं. चाळून फक्त फिरते किडे निघतात, दाण्याच्या आतले राहतात.

त्यामुळे पहिलं काम कोठीचं. पत्र्याच्या कोठीच्या तळाला आणि जोडाला जुन्या पिठाची, कोंड्याची बारीक भुकटी अडकलेली असते. तिथे कीड वर्षभर तग धरते. सुईने किंवा जुन्या टूथब्रशने ती भुकटी पूर्ण काढा, कोठी साबणाने धुवा, दोन दिवस कडक उन्हात उलटी ठेवा. गेल्या वर्षीचे उरलेले चार-पाच किलो गहू खाली ठेवून त्यावर नवे ओतणं ही सर्वांत जास्त घरांत होणारी चूक आहे. ते आधी दळून संपवा.

ऊन देताना गहू सुती चादरीवर बोटभर जाडीचाच थर करून पसरा. सकाळी दहा ते चार, दोन-तीन दिवस, तासातासाला हात फिरवून. संध्याकाळी घरात घ्या. वाळला की नाही ते दाताखाली धरून कळतं. नीट वाळलेला दाणा कट्कन तुटतो, ओला असेल तर दबतो. मग एक गोष्ट बहुतेकांची राहते. उन्हातले गरम गहू लगेच कोठीत भरले जातात. रात्री कोठी गार होते, आतल्या उबेतला ओलावा झाकणाला आणि वरच्या थराला धरतो आणि तिथूनच बुरशी व कीड सुरू होते. शेवटच्या दिवसाचे गहू रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी भरा. गिरणीतून आणलेल्या गरम पिठालाही हाच नियम.

कोठी काठोकाठ भरा. वर मोकळी जागा राहिली की किड्यांना हवा मिळते. वर्तमानपत्राची दुहेरी घडी ठेवून झाकण लावा आणि झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवा. रोजच्या वापरासाठी महिन्याचे गहू वेगळ्या लहान डब्यात काढून घ्या, म्हणजे मोठी कोठी रोज उघडावी लागत नाही. कोठी जमिनीवर टेकवू नका. खाली विटा किंवा फळी हवी आणि भिंतीपासून वीतभर अंतर हवं. पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्ही ओल देतात.

कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून घातला तर थोडा उपयोग होतो. ओलसर पाला घातला तर उलट बुरशी येते. एरंडेल तेल चांगलं, पण त्याचा खरा फायदा अख्ख्या कडधान्यांना. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांना लागणारा भुंगा दाण्याच्या वर अंडी घालतो आणि तेलाच्या थराने ती गुदमरतात. प्रमाण किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. दोन्ही हातांनी चोळून प्रत्येक दाण्याला चकाकी आली पाहिजे. गव्हालाही याच प्रमाणात लावता येतं, मात्र आधीच सोंडा आत शिरलेल्या दाण्याला तेल लावून काही होत नाही. तांदळाला तेल लावू नका, खवट वास येतो.

सोंडे झालेच तर गहू चाळून, निवडून लगेच दळून आणा आणि ते पीठ पंधरवड्यात संपवा. फ्रीजर असेल तर किलो-दोन किलोच्या घट्ट बंद पिशव्या चार-पाच दिवस त्यात ठेवल्या की अंडी-अळ्यासुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी दाण्यांवर धरतं. ज्या धान्याला कुबट वास येतो, गोळे झालेत किंवा हिरवी-काळी बुरशी दिसते ते मात्र फेकाच. शेंगदाण्यांच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजून जात नाही. असं धान्य गाईला किंवा कबुतरांनाही घालू नका.

आणखी एक. गच्ची नसेल, घर तळमजल्यावर ओलीचं असेल तर वर्षाचे गहू भरण्याचा हट्ट सोडा. दोन-अडीच महिन्यांचे घ्या. भावात जे थोडं वाचतं त्यापेक्षा किडीत जास्त जातं.

प्रश्न: आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारीही धड येत नाही. मध्येच टँकर. पाणी किती आणि कशात साठवावं? उकळायचं म्हटलं तर गॅस किती जाळायचा?
– ज्येष्ठ वाचक, वडगाव बुद्रुक

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार आणि वर काही बाटल्या. एवढं पाणी पुण्यातल्या प्रत्येक घरात बारा महिने असावं. धान्याच्या आधी हे करा, कारण तांदूळ असून पाणी नसेल तर खिचडी होत नाही.

जार अरुंद तोंडाचा आणि तोटीचा घ्या. बोहरी आळीत तोटीचे जार सहज मिळतात. पिंपात हात किंवा तांब्या बुडाला की स्वच्छ पाणीही बिघडतं. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या धुऊन वापरायला उत्तम आणि फुकट. तेलाचे किंवा दुधाचे कॅन नकोत, त्यातला चिकटपणा पूर्ण जात नाही. जार फिनेल किंवा रॉकेलजवळ ठेवू नका. प्लास्टिकमधून वास आत शिरतो.

पाणी बंद असण्याचा दिवस वाईट असला तरी फिरवाफिरवीला सोयीचा आहे. बुधवारी रात्री सगळं भरा, गुरुवारी जुन्या बाटल्या वापरा, पाणी सुरळीत झालं की शनिवारी त्या धुऊन परत भरा. पाणी सुरू झाल्यावर पहिलं येतं ते गढूळ असतं, ते संडास-फरशीला घ्या. वापरायच्या पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात.

आता उकळण्याचं. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळत ठेवण्याची सवय नुसता गॅस जाळते. झाकून ठेवा, झाकणासकट गार करा आणि चोवीस तासांत संपवा. २०२५च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (मज्जातंतूंच्या गिलेन-बारे आजाराचे) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला, तेव्हाही पाणी उकळून पिण्याचाच सल्ला दिला गेला होता.

पाणी गढूळ असेल तर क्रम पाळा. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा आणि मगच क्लोरीनची गोळी टाका किंवा उकळा. तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन मातीतच खर्च होतं. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, म्हणून किती लिटरला एक ते पाकिटावरच वाचा. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायला हवा. अजिबात येत नसेल तर पाणी अजून शुद्ध झालेलं नाही. टँकरचं पाणी सरसकट पिण्याचं नसतं, त्यालाही हेच करा. आणि विजेवर चालणारा फिल्टर वीज गेली की बंद, हे धरून चला.

प्रश्न: आमची दहा बाय बाराची खोली नदीला लागून आहे. दर दोन-तीन वर्षांनी पाणी आत येतं. धान्य ठेवायचं तरी कुठे? आणि भिजलेल्यातलं काय वाचवता येतं?
– वाचक, ताडीवाला रस्ता

पुण्यात पाणी दोन तऱ्हांनी येतं आणि तयारीला मिळणारा वेळ त्यावर ठरतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला तर मुठेची पातळी काही तासांत चढते. मुठेवरचा ठेंगणा बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की नदीकाठच्या घरांनी आवराआवर सुरू करावी. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेतून उठून धावले. म्हणून पावसाळ्यात पिशवी रात्री झोपण्याआधीच भरलेली हवी. ओढ्याचं पाणी याहून फसवं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मिळालेला वेळ फारच थोडा होता. ओढ्याजवळ राहणाऱ्यांनी सामानाचा मोह न धरता माणसं घेऊन वर जावं.

धान्य ठेवायला एकच जागा, उंची. मागच्या वेळी भिंतीवर जिथवर पाण्याची खूण आली होती तिच्यावर दोन हात फळी ठोकून घ्या. साठा कमी ठेवा, आठवड्याचाच, आणि तो दोन-दोन किलोच्या पिशव्यांत. मोठी कोठी ऐनवेळी दोघांनाही उचलत नाही, दोन किलोची पिशवी शाळकरी पोरही उचलतं. रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं झिपच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा, मोबाईलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा.

निघताना पाणी चढण्याआधी मेन स्विच बंद. पायाखाली पाणी आलं असेल तर स्विचला हात लावू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, तोंडावर टोपी लावा आणि शक्य असेल तर उंचावर ठेवा, नाहीतर खिडकीच्या गजाला बांधा. अर्धा रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि आदळतो. परत आल्यावर एजन्सीकडून तपासून घेतल्याशिवाय पेटवू नका. वास आला तर १९०६ हा गॅसगळतीचा क्रमांक आहे.

पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं, हे लक्षात ठेवलं की फेकण्याचा निर्णय करता येतो. भिजलेलं धान्य, पीठ, डाळ, मसाले, भाजी सगळं टाका. वाळवून, भाजून वापरू नका. फिरकीच्या झाकणाची बरणी किंवा बाटली पाण्याखाली गेली असेल तर तीही टाका, कारण घाण झाकणाच्या आट्यांमधून आत जाते. फक्त न फुगलेला, न चेपलेला, कारखान्यात बंद केलेला पत्र्याचा डबा वाचतो. त्याचं लेबल काढा, साबणाने धुवा, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मगच उघडा. स्टीलची भांडी धुऊन उकळत्या पाण्यातून काढा. लाकडी पोळपाट-लाटण्याचा मोह सोडा. मात्र काहीही फेकण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी येणाऱ्यांना दाखवा. नुकसान दिसलं नाही तर कागदावर येत नाही.

पुरानंतर जुलाब हमखास होतात. ओआरएस नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजाने घालू नका, लहान मुलाला जास्त मीठ धोक्याचं.

प्रश्न: आमच्याकडे एकच सिलिंडर आहे. तो कधी संपेल कळत नाही. जवळ भरून मिळणारी लहान टाकी घेऊन ठेवू का?
– वाचक, येरवडा

गल्लीत भरून मिळणारी टाकी नको. त्यात किती भरलं याला माप नसतं आणि व्हॉल्व्हची तपासणी नसते. गॅस एजन्सीकडे ५ किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो, जमेल तेव्हा तो घ्या. घेताना वरच्या पट्टीवरचं इंग्रजी अक्षर आणि आकडा बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर आणि पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. त्या तिमाहीपर्यंतच तो सिलिंडर चालतो. मुदत उलटलेला परत करा.

संपण्याचा अंदाज वजनाने येतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. समजा १५.३ किलो. भरलेला २९.५ किलो भरेल, कारण आत १४.२ किलो गॅस. चौघांच्या घरात दिवसाला साधारण ३५० ग्रॅम जातो. वजन १८ किलोच्या आसपास आलं की आठवडा उरला समजा. तोवर पुढची नोंदणी झालेली हवी.

गॅस लांबवायचा तर खिचडीचे डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की बंद करून खाली उतरवा आणि जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळून अर्धा तास ठेवा. आतल्या वाफेवर ती मऊ शिजते. राजम्याला ही युक्ती चालणार नाही. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर उलट्या होतात.

प्रश्न: रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळेच, पांढरट, पाण्यावर तरंगणारे निघतात. प्लास्टिकचे आहेत म्हणून सासूबाई निवडून टाकतात. खरं काय?
– वाचक, हडपसर

ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून केलेले पोषक दाणे आहेत, शंभर दाण्यांत साधारण एक. सासूबाईंना सांगा, निवडू नका, घरातल्या बायका-मुलांसाठी तेच मोलाचे आहेत. थॅलेसेमिया असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. रेशनचं धान्य आणल्यावर वेगळ्या डब्यात ठेवा. कीड असेल तर तिथेच दिसते आणि बाकीच्या साठ्याला लागत नाही.

प्रश्न: वादळी पावसात आमच्याकडे आठ-दहा तास वीज जाते. फ्रीजमधलं काय टाकावं? वडिलांचं इन्सुलिनही त्यातच असतं.
– वाचक, कोथरूड

दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास गार राहतो. फ्रीजर भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस. त्यामुळे वीज गेल्याबरोबर दूध काढून तापवा आणि मग दार बंदच ठेवा. चार तास उलटल्यावर शिजवलेला भात, उसळ, आमटी, ओल्या नारळाची चटणी, मासे-मटण यांचा वास घेत बसू नका, टाका. भातात वाढणाऱ्या जंतूचं विष पुन्हा गरम करून जात नाही. लोणचं, तूप, अख्ख्या भाज्या चालतात. दही आंबट होईल एवढंच. तुम्ही गावाला गेला असताना वीज गेली होती का हे कळायला फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं.

इन्सुलिनची चालू बाटली बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला चार आठवडे चालते. नेमकी मर्यादा पाकिटावर असते, ती वाचा आणि डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश लागतात. वीज लांबली तर त्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला. एका मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात लहान मडकं रोवा, डबा मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. हवेशीर सावलीत ठेवून वाळू ओली राखली की मडकं बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार राहतं. पावसाळी दमट हवेत हा गारवा कमी पडतो, म्हणून हे काही दिवसांपुरतंच. बर्फाला बाटली टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वरून ठीक दिसतं, पण काम करत नाही. त्याने साखर अचानक वाढू शकते, म्हणून अशी बाटली टाकून नवीन उघडा.